सुलभाने घर सोडलं त्या रात्री

1986चा मे महिना. गिरगावातली चाळ, दुसरा मजला. गॅलरीतला चपलांचा ढीग ओलांडून तुम्ही आत शिरता. अंग चोरून बसावं लागतं, कारण अर्धी चाळ या एका खोलीत आहे. वर्गणी काढून रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणलाय. 'डॉन' संपला, पोरं चटईवर पेंगली. आता बायकांनी हट्टाने मागवलेली कॅसेट लागते: जब्बार पटेलांचा 'उंबरठा'.

पडद्यावर आडवे पट्टे. "अरे, ट्रॅकिंग फिरव!" व्हीसीआरवाल्याचा मुलगा झाकण उघडतो, स्पिरिटच्या फडक्याने हेड पुसतो. चित्र स्वच्छ होतं आणि सुलभाच्या भूमिकेतली स्मिता पाटील समोर येते.

"ही आपल्या दूरदर्शनवर बातम्या वाचायची."

"तेव्हाही अशीच साधी."

तुम्ही गप्प राहता. येत्या 13 डिसेंबरला ती जगातून जाणार, हे या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. जेमतेम 31 वर्षांची असेल ती. सांगून उपयोग नाही, ऐका.

लताबाईंचा आवाज येतो. शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथांची. बडबड थांबते. गाणं संपताच माई म्हणतात, "मागे घे रे, परत लाव." थिएटरात असं कुणाला म्हणणार? तिथे नवरा शेजारी आणि मध्यंतरानंतर शेवटच्या गाडीची चिंता. इथे ज्या बाईचा आवाज तुम्ही आजवर फक्त नळावर ऐकलात, ती सुलभाच्या सासूवर, जावेवर, नवऱ्यावर बोलते. तिची मतं वर्तमानपत्री परीक्षणांहून मला मोलाची वाटतात. ती सुलभाच्या घरात स्वतःचं घर ठेवून बघतेय.

सुलभा महिलाश्रमातली नोकरी सोडून परत येते. दरम्यान नवऱ्याचं दुसरीशी जुळलंय, हे तो स्वतःच सांगतो. ती निघते.

"सोन्यासारखं घर!" माई कळवळतात. "पोरीचं तरी बघायचं."

"पोर जावेपाशी रमलीय, माई."

"म्हणून आईने जायचं?"

"आणि तो?" मागून त्यांच्याच सुनेचा आवाज. "त्याला कुणी काही विचारलं का?"

माई मान वळवून तिच्याकडे बघतात. कोपऱ्यातले काका घसा खाकरतात, म्हणतात, "गिरीश कर्नाडांनी काम झकास केलंय." त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. "मी असते तर गेले असते," सून म्हणते. "कुठे?" माई विचारतात, आणि त्या विचारण्यात राग नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचंय. सुनेला उत्तर सुचत नाही. तरी ती शब्द मागे घेत नाही.

पाचला नळ येतो. हंडे, कळशा, बादल्या. भांडण तिथे पुढे चालू. झोपेमुळे शेवट हुकलेल्या काकू रांग मोडून पुढे येतात. "जायचं की नाही ते नंतर ठरवा. तिने पोरीला जाताना काय सांगितलं, ते आधी मला सांगा."