ऑनलाइन खेळात मित्रांशी जोडणी का होत नाही? दोष बहुधा वेगाचा नव्हे, पत्त्याचा

एक मित्र पुण्यात, दुसरा इंदूरमध्ये, तिसरा बंगळूरुत. तिघांच्याही घरी वेगवान ब्रॉडबँड आहे, चित्रपट विनाअडथळा चालतात. पण एकाने सुरू केलेल्या खेळात दुसऱ्याला प्रवेश मिळत नाही. अशा वेळी अनेक घरांत अधिक वेगाची, म्हणजेच अधिक महागडी योजना घेतली जाते आणि अडचण जिथल्या तिथेच राहते. याचे कारण असे की, जोडणी न होणे आणि जोडणी मंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खेळाचे दोन प्रकार

काही खेळांत सर्व खेळाडू कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरशी जोडले जातात. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा या प्रकारातला खेळ. येथे प्रत्येक जण बाहेर संपर्क साधतो, त्यामुळे घरातील राउटर सहसा आड येत नाही. दुसऱ्या प्रकारात एका खेळाडूचे यंत्रच यजमान होते आणि इतर जण त्याच्याकडे येतात. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत स्वतःच्या संगणकावर सर्व्हर उभारणे हे त्याचे परिचित उदाहरण. चित्रपट पाहताना मागणी घरातून बाहेर जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. यजमानाला मात्र न मागता आलेला पाहुणा घरात घ्यावा लागतो. अडचण येथे सुरू होते.

पत्त्यांची टंचाई

इंटरनेटची जुनी पत्तापद्धती, आयपीव्ही४, सुमारे ४२९ कोटी पत्तेच देऊ शकते. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. टंचाईवरचा तोडगा म्हणून ‘नॅट’, म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, ही पद्धत आधीपासूनच रूढ झाली होती. तीत घरातील सर्व यंत्रे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. मोठ्या वसाहतीचा पत्ता एकच असावा आणि पाकिटावर सदनिकेचा क्रमांक नसावा, तशी ही स्थिती आहे. आतून गेलेल्या पत्राचे उत्तर कोणाकडे पोहोचवायचे हे राउटरला ठाऊक असते. अनोळखी पत्र तो परत पाठवतो.

पुढे सेवा पुरवठादारांनी हीच युक्ती आपल्या स्तरावर वापरली. अनेक ग्राहकांमध्ये एक सार्वजनिक पत्ता वाटण्याच्या या पद्धतीला ‘कॅरियर ग्रेड नॅट’ किंवा ‘सीजीनॅट’ म्हणतात. भारतातील मोबाइल इंटरनेटवर आणि अनेक घरगुती जोडण्यांवर ती आढळते. अशा ग्राहकाने स्वतःच्या राउटरमध्ये कितीही बदल केले, तरी पुरवठादाराकडील दार त्याला उघडता येत नाही.

तपासणीचा क्रम

१. प्रथम खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर सर्व्हर सुरू असल्याची खात्री करावी. सर्वांकडे एकच आवृत्ती आहे का, तेही पाहावे. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आणि बेडरॉक आवृत्त्यांचे खेळाडू एरवी एकमेकांच्या खेळात येऊ शकत नाहीत.

२. खात्याच्या मर्यादा पाहाव्यात. मुलांच्या खात्यावर पालकांनी लावलेल्या नियंत्रणांत इतरांसोबत खेळण्याची परवानगी बंद असू शकते.

३. यंत्राची तारीख व वेळ अचूक ठेवावी आणि व्हीपीएन सुरू असल्यास बंद करून पाहावा. विंडोजमध्ये फायरवॉलने खेळाला परवानगी दिली आहे का, हे तपासावे. वसतिगृहाच्या किंवा कार्यालयाच्या वायफायवर एका यंत्राने दुसऱ्याशी बोलू नये, अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असू शकते.

४. मोडेम आणि राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने आधी मोडेम व मग राउटर सुरू करावा.

५. त्यानंतर नॅटचा प्रकार पाहावा. एक्सबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तो ओपन, मॉडरेट किंवा स्ट्रिक्ट असा, तर प्लेस्टेशनवर १, २ किंवा ३ असा दिसतो. स्ट्रिक्ट असलेल्या खेळाडूची जोडणी बहुधा ओपन असलेल्याशीच होते. म्हणून सर्वांत सोपा आणि बिनखर्ची उपाय म्हणजे यजमान बदलणे.

६. राउटरमधील यूपीएनपी ही सोय सुरू केल्यास खेळाला लागणारे पोर्ट आपोआप उघडते. ते न जमल्यास पोर्ट हाताने उघडावे लागते. माइनक्राफ्ट जावासाठी ते सामान्यतः २५५६५ असते, तर एक्सबॉक्सच्या सेवेसाठी ३०७४.

निर्णायक चाचणी

राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा म्हणून दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील आयपीव्ही४ पत्ता ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील, तर पोर्ट उघडण्याचा उपयोग होईल. राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर जोडणी सीजीनॅटमागे असल्याचे समजावे. २०१२ मध्ये हा पत्त्यांचा पट्टा याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. राउटरवरील पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच एकामागे एक दोन राउटर काम करत असतात. त्यांपैकी एकाला ब्रिज पद्धतीवर ठेवावे.

सीजीनॅट आढळल्यास चार मार्ग उरतात : पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागणे, ज्यासाठी शुल्क पडू शकते, खेळ आणि दोन्ही बाजूंच्या जोडण्या अनुकूल असतील तर आयपीव्ही६ वापरणे, भाड्याचा सर्व्हर घेणे, किंवा मित्रांच्या यंत्रांना एकाच खासगी जाळ्यात आणणारे विश्वासार्ह सॉफ्टवेअर वापरणे.

जोडणी होऊनही खेळ अडखळत असेल, तर प्रश्न अंतराचा किंवा वायफायचा असू शकतो. प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सुमारे ३,९०० किलोमीटरचे अंतर जाऊन येण्यास किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. महागडी योजना ते कमी करू शकत नाही. जवळचा सर्व्हर निवडणे आणि वायफायऐवजी केबल लावणे अधिक उपयोगी ठरते.

काय करू नये

फायरवॉल पूर्णपणे बंद ठेवणे किंवा राउटरच्या ‘डीएमझेड’ सोयीने संपूर्ण संगणक इंटरनेटला खुला करणे धोक्याचे आहे. हाताने उघडलेले पोर्ट खेळ संपल्यावर बंद करावे. मदतीच्या नावाखाली कोणी अनोळखी व्यक्ती संगणकाचा दूरस्थ ताबा, पासवर्ड किंवा ओटीपी मागत असेल, तर तो देऊ नये. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

ग्राहक सेवेशी बोलताना ‘इंटरनेट चालत नाही’ असे सांगितल्यास वेगाची चाचणी होऊन तक्रार बंद होण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारावेत : ही जोडणी सीजीनॅटमागे आहे का, आणि सार्वजनिक पत्ता मिळेल का? नवी योजना विकत घेण्यापूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरे हाती असणे ग्राहकाच्या हिताचे आहे.