अभिलेख-प्रवेशाधिकाराचा ऐतिहासिक विचार : सिरोंचाच्या दप्तरापासून सर्व्हरपर्यंत

प्रस्तावना

कार्यालयातील सामायिक सर्व्हरवरची फाइल उघडत नाही, तेव्हा दोष अनेकदा फाइलमध्ये नसून परवानगीत असतो. अभिलेख कोणी पाहावा, कोणी बदलावा आणि त्या बदलास कोणी प्रमाणित करावे, हे प्रश्न मात्र संगणकाहून जुने आहेत. प्रस्तुत लेखात सिरोंचा तालुक्याच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

सत्तांतर आणि दप्तर

प्राणहिता-गोदावरी संगमाजवळचा हा प्रदेश १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला व सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय झाले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा, असे पुढील टप्पे होत. गाव जागेवरच राहिले. त्याच्या नोंदींवरील अधिकार मात्र फिरत राहिला. फोल्डर हलविल्यावर जुन्या परवानग्या टिकतात की नव्या ठिकाणच्या लागू होतात, हा सर्व्हर-व्यवस्थापकाचा प्रश्न मूलतः याच स्वरूपाचा आहे.

वाचन व लेखन यांतील भेद

१९७० च्या दशकात रूढ झालेल्या युनिक्स प्रणालीने मालक, गट व इतर यांचे वाचनाचे व लेखनाचे अधिकार वेगळे केले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हेच तत्त्व आढळते. कलम ३२७ नुसार नकाशे व भूमी अभिलेख विहित नियम व शुल्कास अधीन राहून जनतेस पाहता येतात. कलम १५० नुसार फेरफाराची नोंद तलाठी करतो, हितसंबंधितांना सूचना देतो. ती प्रमाणित करण्याचा अधिकार वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याचा असतो. संगणकीकृत फेरफारातही ही विभागणी कायम राहिली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाल्याने वाचनाचे दार रुंदावले, लेखनाचे नाही. आणि ते योग्यच होय.

वनहक्क आणि जुने पुरावे

वनहक्क कायदा, २००६ नुसार इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हा काळ १९३० पर्यंत, अर्थात मध्यप्रांताच्या अमदानीपर्यंत मागे जातो. चराई, सरपण, वहिवाटीची वाट, मासेमारी अशा बाबींसाठी विदर्भातील निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हे अभिलेख मोलाचे ठरतात. केवळ चालू सातबारा पाहून हे हक्क सिद्ध होत नाहीत. म्हणूनच ग्रामसभेस वन व महसूल नकाशे पुरविण्याचे काम नियमांनी उपविभागीय समितीवर सोपविले आहे. वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य आहे. परंतु अभिलेख हाती नसल्यास दाव्याची बाजू दुबळी पडते.

निष्कर्ष

विंडोज सर्व्हरवर सामायिक फोल्डरची व फाइल-प्रणालीची अशा दोन परवानग्या एकत्र तपासल्या जातात व अधिक कठोर परवानगी प्रभावी ठरते. अभिलेखागारातही कायद्याने दिलेला प्रवेश कार्यालयीन प्रथेपाशी अडू शकतो. अशा वेळी अर्जदाराचा हक्क, अभिलेखाचा ताबा आणि अडथळ्याची पातळी या क्रमाने शोध घ्यावा. सर्व्हर बहुधा कारण न देता नकार देतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार मात्र नकाराची कारणे व अपिलाचा मार्ग कळविणे बंधनकारक आहे. जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या सिरोंचातील अर्जदारास हा सकारण नकारही उपयोगी पडतो, कारण पुढील दाद त्याच्याच आधारे मागता येते.