सिंदखेडराजांतील एक उन्हाळी फेरी

जुन्या सरदारांच्या वस्तींतून हिंडावयाचें तर उन्हाळ्यांत आणि पायींच हिंडावें. हिवाळ्यांत सारेच वाडे सुखाचे वाटतात. वैशाखांत मात्र सावली व पाणी कोणासाठीं होतें, हें दगडच सांगूं लागतात. बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा अशा फेरीस फार योग्य आहे.

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याचें महाद्वार उभें आहे. १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म याच वाड्यांत झाला, असें परंपरा सांगते. द्वार भव्य आहे. आंतील वैभव मात्र बहुतेक कल्पनेनेंच भरून काढावें लागतें. तेथून पुतळा बारवेकडे वळावें. चार पायऱ्या उतरतांच धग मागें राहते, आणि भिंतींतील शिल्पें निवांतपणें पाहतां येतात. पुढें मोती तलावाचा बांध एखाद्या गढीच्या तटासारखा दिसतो. चांदणी तलावही याच गांवचा. वाडा एका कुळाच्या थोरवीसाठीं असतो, पण तलावाचें पाणी साऱ्या गांवाची तहान भागवितें. जाधवरावांच्या ऐश्वर्याचा हा भाग मला वाड्याहून मोठा वाटतो.

परंतु ऐश्वर्य म्हणजे निर्भयता नव्हे. लखुजीराव निजामशाहीचे मातबर सरदार. मध्यंतरीं ते मोगलांकडेही गेले होते. १६२९ सालीं दौलताबादेस, निजामशहाच्या दरबारांत, ते पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह मारले गेले. गांवांतील अपुऱ्या काळाकोटाचे रुंद तट पाहतांना ही गोष्ट विशेष बोचते. शत्रूला अडविणाऱ्या भिंती धन्याच्या लहरीपुढें निरुपयोगी ठरतात. मुलूख, फौज, वाडे, तलाव सारें असूनही परक्याच्या चाकरींतील सरदाराचें आयुष्य किती क्षणभंगुर होतें, हें लखुजीरावांच्या विशाल समाधीसमोर उभें राहिल्यावर जसें कळतें, तसें बखरी वाचून कळत नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १६३० च्या फेब्रुवारींत, शिवनेरीवर शिवाजीमहाराज जन्मले. जिचें माहेर भरदरबारांत कापलें गेलें, त्या मातेनें पुत्राच्या मनांत मनसबीऐवजीं स्वराज्याची ओढ रुजविली असावी, हें अनुमान अवाजवी म्हणतां येणार नाहीं.

जानेवारींत जिजाबाईंच्या जन्मोत्सवास येथें मोठा समुदाय जमतो, आणि तें उचितच आहे. पण ज्यास त्या माउलीचें दुःख समजून घ्यावयाचें असेल, त्यानें गर्दी ओसरल्यावर एकदां समाधीपर्यंत चालत जावें.