शस्त्रक्रियेनंतरची मार्जारशुश्रूषा

मांजर मनुष्याच्या घरीं आलें तें धान्याच्या मागोमाग. धान्य सांठलें तेथें उंदीर आले, आणि उंदीर आले तेथें मांजर आलें. भातशेतीच्या मुलुखांत हा संबंध विशेष घट्ट असतो. काळू नदीच्या कांठचा टिटवाळा हा अशाच मुलुखांतला गांव. माधवराव पेशव्यांच्या काळीं तेथील महागणपतीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. पुढें 1855 सालीं कल्याणपासून वासिंदपर्यंत लोहमार्ग खुला झाला आणि हा गांव मुंबईशीं जोडला गेला. गांवचें दैवत मूषकवाहन. परंतु कणगीतलें भात राखावयाचें तर मूषकाच्या शत्रूलाही दूधभाताचा घांस घालणें भाग होतें. देवाच्या वाहनास नमस्कार आणि त्याच्या वैऱ्यास आश्रय, या दोहोंत कोंकणच्या कुणब्यास कधीं विसंगति वाटली नाहीं.

आपल्या वाङ्मयानें मात्र मांजरास दुहेरी न्याय दिला. मनुस्मृतींत ढोंगी मनुष्यास ‘बैडालव्रतिक’ असें नांव मिळालें. उलट महाभारताच्या शांतिपर्वांत लोमश मांजर आणि पलित उंदीर यांच्या संकटकाळच्या सख्याची कथा भीष्मानें युधिष्ठिरास सांगितली आहे. महिपतीच्या भक्तविजयांत राका कुंभाराची कथा आहे. मांजरीनें कच्च्या मडक्यांत पिलें ठेविलेलीं होतीं. तें न कळतां आवा पेटला. मागाहून मांजरीचा आकांत ऐकून राका आणि त्याची पत्नी बांका यांनीं देवास सांकडें घातलें, आणि पिलें जिवंत निघालीं. मांजरीचा कळवळा हा महाराष्ट्रांत परका विचार नव्हे, एवढें यावरून दिसतें.

या प्राण्याचें मोल शास्त्राच्या कसोटीवर लागण्याचा प्रसंग प्लेगच्या सांथीनें आणला. 1896 च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें. दोन वर्षांनीं, 1898 सालीं, कराचींत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरविते असें दाखविलें. त्यानंतर अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनीं वऱ्हाडांतील गांवें पाहून असें मांडलें कीं, जेथें घरोघर मांजरें आहेत तेथें प्लेगचा उपद्रव कमी आढळतो. 1908 सालीं त्यांचें हें म्हणणें इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालें. मांजर पाळा, असें सांगणारा सरकारी डॉक्टर वऱ्हाडाच्या मातींतून निघाला, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेली आहे.

परंतु मांजर पाळलें म्हणजे त्याची संतति आलीच. मांजरीचा गर्भकाळ सुमारें त्रेसष्ट ते पांसष्ट दिवसांचा; एका वेतांत बहुधा तीन ते पांच पिलें, आणि वर्षांत दोन-तीन वेतें. एवढ्या पिलांस घर कोठून मिळणार? मग पोत्यांत भरून तीं दूर बाजारांत किंवा नदीपलीकडे सोडून येण्याची निर्दय वहिवाट पडली. सोडणारास पाप मारल्याचें लागत नसे, पण पिलें मात्र उपासानें मरत. या क्रूरतेवर खरा उपाय एकच : मांजरीचें निर्बीजीकरण.

ही कल्पना नवी नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत डुकरिणींचे आणि सांडणींचे अंडकोश काढीत असल्याचें नमूद केलें आहे. मनुष्याच्या बाबतींत 1809 सालीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत ईफ्राइम मॅक्डॉवेल या शस्त्रवैद्यानें जेन क्रॉफर्ड नांवाच्या स्त्रीचें पोट उघडून अंडाशयाची भली मोठी गांठ काढली, तीही गुंगीच्या औषधाशिवाय. आणि ती स्त्री जगली. 1846 मध्यें बोस्टन येथें ईथर, व 1847 मध्यें एडिंबरो येथें क्लोरोफॉर्म यांचा प्रयोग झाला आणि वेदनेवर विजय मिळाला. राहिला तो जखम कुजण्याचा प्रश्न. ग्लासगो येथील जोसेफ लिस्टर यांनीं कार्बॉलिक ॲसिडानें जखमा निर्जंतुक करून तोही सोडविला. त्यांचा निबंध 1867 सालीं प्रसिद्ध झाला. पोट उघडून पुन्हां शिवावें आणि रोगी बरा व्हावा, हें नित्याचें झालें तें या तीन पायऱ्या चढल्यानंतर.

येथेंच मांजराच्या बाबतींत एक विलक्षण गोष्ट आहे. ज्या कार्बॉलिकनें मनुष्यास जीवदान दिलें तें मांजरास विष आहे. मनुष्याचें यकृत अशा द्रव्यांस दुसऱ्या एका पदार्थाशीं जोडून मूत्रावाटें बाहेर टाकतें. निव्वळ मांसाहारी असलेल्या मार्जारकुळांत ही शक्ति फार क्षीण आहे. 2000 सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, त्यासाठीं लागणारें एक जनुकच त्या कुळांत निकामी झालेलें आहे. म्हणून फरशी पुसण्याचें काळें फिनेल मांजराच्या पायांस लागलें आणि तें त्यानें चाटलें, तर बाधा होते. म्हणूनच ताप-दुखण्यावर घरोघर घेतली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊं शकते. पुष्कळ मांजरें शस्त्रानें मरत नाहींत. घरच्या माणसांच्या मायेनें, न विचारतां दिलेल्या औषधानें दगावतात. मार्जारशुश्रूषेचा पहिला नियम यांतूनच निघतो : पशुवैद्यानें सांगितलें तेवढेंच औषध द्यावें, जखमेवर हळद, तेल, राख, मलम, कांहींही आपल्या मनानें लावूं नये.

दुसरा नियम ऊब व शांतता यांचा. गुंगींतून उठणाऱ्या मांजराचें अंग गार पडतें. त्याचे डोळे उघडे दिसले तरी भान नसतें. त्यास जमिनीवरच, मऊ कोरड्या कापडावर, मंद उजेडाच्या खोलींत ठेवावें. पलंग, फळी, खिडकी येथें चढूं देऊं नये. पूर्ण सावध झाल्यावर प्रथम थोडें पाणी, मग थोडें अन्न द्यावें. घरांत दुसरें मांजर असेल तर त्यास एक-दोन दिवस दूर ठेवावें. दवाखान्याचा वास लागलेल्या सोबतिणीस तें ओळखीत नाहीं आणि तिच्यावर फिसकारतें.

तिसरा नियम टांक्यांचा. मांजराची जीभ कांट्यांची असते. त्या जिभेनें चाटचाटून टांके उसवतात. म्हणून गळ्याभोंवतीं नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा बांधतात. तो पाहून घरच्यांस दया येते आणि ते तो सोडतात. ही दया महागांत पडते. जखम भरण्यास सुमारें दहा ते चौदा दिवस लागतात. तोंवर उड्या नकोत, स्नान नको. कोंकणच्या पावसाळ्यांत यांत आणखी एक भर घालावी लागते. ओलाव्यानें जखम चिघळते, माशी बसून अळ्या पडतात, मुंग्या लागतात. तेव्हां अंथरूण रोज बदलावें आणि जखम सकाळ-संध्याकाळ नुसत्या डोळ्यांनीं पाहावी. सूज वाढली, पू किंवा रक्त आलें, हिरड्या पांढऱ्या पडल्या, किंवा एक दिवस उलटूनही मांजर अन्नास शिवलें नाहीं, तर विलंब न करतां वैद्याकडे न्यावें. उपास मांजरास सोसत नाहीं. त्यानें यकृत बिघडतें.

या कामास आधार देणाऱ्या संस्था या प्रांतांत जुन्या आहेत. 1832 सालीं मुंबईंत कुत्रीं मारण्याच्या हुकमावरून दंगा उसळला, आणि 1834 मध्यें सर जमशेटजी जिजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें पांजरापोळ निघाला. 1874 सालीं प्राणिक्रूरतानिवारक मंडळी स्थापन झाली. 1886 मध्यें परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीनें 1960 चा कायदा आला. 2001 च्या नियमांनीं रस्त्यावरील कुत्रीं मारण्याऐवजीं तीं निर्बीज करून मूळ जागीं सोडण्याचें धोरण ठरविलें. 2023 सालीं त्या नियमांची जागा नव्या नियमांनीं घेतली. भटक्या मांजरांसाठींही हीच रीत चालते, आणि खुणेसाठीं एका कानाचें टोंक किंचित् कापतात.

निर्बीजीकरण म्हणजे सृष्टिक्रमांत ढवळाढवळ, असा आक्षेप धार्मिक वृत्तीचे लोक घेतात. आक्षेप खोटा नाहीं. पण पोत्यांत भरलेल्या पिलांचें काय, या प्रश्नास त्यांत उत्तर नाहीं. ढवळाढवळ करावयाचीच तर तिचा भार शेवटपर्यंत उचलावा, हाच त्यांतला धर्म. शस्त्रवैद्याचें काम घटकाभरांत संपतें. खरें काम पुढच्या पंधरवड्याचें, आणि तें घरच्या माणसाचें असतें.

टिटवाळा आतां कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेंत मोडतो. भातखाचरांच्या जागीं इमारती उठत आहेत. कणगी गेली, उंदीर गेले नाहींत, मांजरेंही गेलीं नाहींत. घरच्या मांजरीस शुश्रूषा करणारें माणूस असतें. जिन्याखालीं राहणाऱ्या मांजरीस तें नसतें. तिचे टांके भरेपर्यंत एखाद्या कुटुंबानें कोरडा कोपरा, एक टोपली आणि दोन वेळचा घांस दिला, तर तिला ओल्या रस्त्यावर परतावें लागणार नाहीं. प्लेगच्या दिवसांत ज्या प्राण्याच्या भरंवशावर वऱ्हाडांतील घरें सुरक्षित मानलीं गेलीं, त्याच्यासाठीं चौदा दिवसांचा हा पाहुणचार जड नाहीं.