शाबितीचा भार : आसाममधील परकीयांचा प्रश्न आणि शासनाचे उत्तरदायित्व

स्थलांतराच्या प्रश्नाची चर्चा बहुधा आलेल्यांच्या संख्येभोवती फिरत राहते. आसामचा इतिहास तपासला असता मात्र असे दिसून येते की, तेथील लोकक्षोभाचे मूळ संख्येइतकेच नोंदीत होते. नागरिक कोण आणि परकीय कोण हे सिद्ध करण्याचा भार कोणावर, आणि त्यात कसूर झाल्यास जाब कोणी द्यावयाचा? १९७९ ते २०१९ ह्या चाळीस वर्षांत ह्या प्रश्नाचे उत्तर कसे पालटत गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

नोंदीविषयीची ही संवेदनशीलता जुनी आहे. १८७३ पर्यंत सुमारे साडेतीन दशके आसामच्या कचेऱ्यांची भाषा बंगाली होती. १८७४ मध्ये बंगालीभाषी सिल्हेट जिल्हा ह्या प्रांतास जोडला गेला. त्यामुळे आपल्याच प्रदेशात आपली भाषा अल्पसंख्य ठरेल, ही भीती असमिया समाजात खोलवर रुजली. १९३१ च्या जनगणनेत असमिया ही मातृभाषा सांगणारे ३१.४ टक्के होते. १९५१ मध्ये ते प्रमाण ५६.७ टक्क्यांवर गेले. सिल्हेटचा बहुतेक भाग फाळणीत पाकिस्तानात गेला, हे त्याचे एक कारण. पूर्व बंगालातून येऊन स्थायिक झालेल्या मुसलमान शेतकऱ्यांनी आपली मातृभाषा असमिया अशी नोंदविली, हे दुसरे. जनगणनेच्या ह्या नोंदीने ज्यांना आपले म्हटले, त्यांच्याच वंशजांकडे पुढे मतदारयादीच्या नोंदीने संशयाने पाहिले.

ऑक्टोबर १९७८ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर ह्यांनी, परकीयांची नावे मतदारयाद्यांत मोठ्या प्रमाणावर शिरली असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढील वर्षी मंगलदोई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीसाठी याद्यांची तपासणी होऊ लागली, तेव्हा हजारो नावांवर आक्षेप आले. अखिल आसाम विद्यार्थी संघटनेने ८ जून १९७९ रोजी बंद पाळून चळवळीस आरंभ केला.

ह्या चळवळीची परिभाषा लक्षणीय आहे. आरंभीच्या मागण्यांत 'बहिरागत' हा शब्द होता. अल्पावधीतच त्याची जागा 'विदेशी' ह्या शब्दाने घेतली. 'बहिरागत' ह्या शब्दाच्या कक्षेत राजस्थानातून वा बिहारमधून आलेला भारतीयही येत होता, आणि त्याच्याविषयीची तक्रार ही एका अर्थी शेजाऱ्याविरुद्धची तक्रार होती. 'विदेशी' ही विधीची संज्ञा आहे. तिच्याविषयीची तक्रार सीमा राखणाऱ्या, नागरिकत्व देणाऱ्या आणि याद्या करणाऱ्या शासनाकडेच करावी लागते. म्हणजे शब्दाबरोबर प्रतिवादीही बदलला.

शासनाने दिलेले उत्तर दुर्दैवी ठरले. ज्या याद्यांवर आक्षेप होता, त्या १९७९ च्याच याद्यांवर फेब्रुवारी १९८३ मध्ये विधानसभेची निवडणूक लादण्यात आली. १८ फेब्रुवारीस नेली परिसरात, सरकारी आकड्यानुसारच, सुमारे १,८०० माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य पूर्व बंगाली वंशाचे मुसलमान होते, आणि स्त्रिया व मुले पुष्कळ होती. चौकशीसाठी नेमलेल्या तिवारी आयोगाचा अहवाल १९८४ मध्ये सादर झाला. परंतु तो कित्येक दशके जनतेपुढे आला नाही आणि ह्या हत्याकांडाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. उत्तरदायित्वाचा अभाव दोन्ही बाजूंना कसा भोवला, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

१९८३ च्या अखेरीस केवळ आसामसाठी बेकायदा स्थलांतरितांविषयीचा वेगळा कायदा करण्यात आला. १९४६ च्या विदेशी व्यक्ती अधिनियमानुसार आपण परकीय नाही हे त्या व्यक्तीनेच सिद्ध करावयाचे असे. नव्या कायद्याने हा भार तक्रारदारावर व शासनावर टाकला. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने २५ मार्च १९७१ ही निर्णायक तारीख ठरविली. कायदा मात्र तसाच राहिला. एप्रिल २००० पर्यंत ३ लाख १० हजारांहून अधिक प्रकरणांत चौकशी सुरू झाली. बेकायदा स्थलांतरित ठरले सुमारे १० हजार, आणि प्रत्यक्ष देशाबाहेर पाठविले गेले १,४८१. शासनाने शाबितीचा भार स्वीकारला, पण वाहिला नाही. १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्बानंद सोनोवाल खटल्यात हा कायदा रद्द केला आणि भार पुन्हा व्यक्तीवर आला.

त्याआधीच, १९९७ मध्ये, निवडणूक आयोगाने अनेक मतदारांच्या नावापुढे 'डी', म्हणजे संशयित, हे अक्षर लावले होते. संशय शासनाचा, निरसन मात्र मतदाराने करावयाचे! राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या अद्ययावतीकरणात हाच न्याय प्रत्येक रहिवाशास लागू झाला. १९५१ ची नोंदवही किंवा १९७१ पूर्वीच्या मतदारयाद्या ह्यांत पूर्वजाचे नाव शोधून त्याच्याशी आपले नाते कागदोपत्री जोडावयाचे होते. एकच नाव असमिया, बंगाली व रोमन लिपींतून फिरताना त्याची वर्णरचना बदलते, हे भाषाभ्यासकास नवे नाही. येथे त्या बदलावर नागरिकत्व अवलंबून राहिले. लग्न होऊन परगावी गेलेल्या निरक्षर स्त्रीजवळ माहेरचा दुवा सांगणारा ग्रामपंचायतीचा दाखला तेवढा असे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीत ३,३०,२७,६६१ अर्जदारांपैकी १९,०६,६५७ वगळले गेले. चळवळीच्या वारसदारांना हा आकडा अपुरा वाटला. वगळलेल्यांना तो अन्याय वाटला.

मतदारयादी सदोष आहे ह्या तक्रारीतून चळवळ उभी राहिली; तिची अखेर जुन्या मतदारयादीलाच साक्षीदार करण्यात झाली. ज्याला प्रश्न विचारला गेला होता, तोच प्रश्नकर्ता होऊन बसला. शासनाला विचारलेला प्रश्न रास्त होता, असे मानणाऱ्यानेही हे स्थित्यंतर नजरेआड करू नये. ह्या विषयाच्या अभ्यासकाने जनगणना, मतदारयादी व नोंदवही ही केवळ लोकसंख्येची साधने मानून भागणार नाही. ती लिहिणाऱ्या शासनाच्या वर्तनाचाही तो पुरावा आहे, आणि त्याच दृष्टीने त्याचे वाचन होणे अगत्याचे आहे.