छाटणीची तारीख

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथे दरवर्षी द्राक्षतोडणी कोणत्या दिवशी सुरू झाली, याच्या नोंदी थेट १३५४ पासून मिळतात. द्राक्ष कधी पिकणार हे त्या वर्षीच्या वसंतात आणि उन्हाळ्यात किती ऊब पडली यावर ठरते. त्यामुळे तोडणीची तारीख म्हणजे तापमापक नसलेल्या काळातला तापमापकच. इमॅन्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकाराने १९६७ मध्ये हवामानाचा इतिहास लिहिताना अशा तारखांचा आधार घेतला होता. बोनच्या नोंदींची सलग मालिका २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की १९८८ नंतर तेथील तोडणी पूर्वीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस अलीकडे आली आहे.

बोनची पहिली नोंद झाली त्याच सुमारास, १३५५ मध्ये, मोरोक्कोतील फेझ नगरात इब्न बतूताचा प्रवासवृत्तान्त लिहून पुरा झाला. दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना, १३४२ च्या आसपास, तो दौलताबादेस आला होता. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे तो सांगतो. मराठवाड्याच्या द्राक्षाविषयी त्या काळातले हे एवढेच एक वाक्य आम्हांस ठाऊक आहे. बोनमध्ये साडेसहाशे वर्षांच्या तारखा, आणि आपल्याकडे एक प्रवासी, एक वाक्य!

पण त्या वाक्यातला 'दोनदा' हा शब्द मोलाचा आहे. युरोपातला वेल हिवाळ्यात झोपी जातो. आपल्या उष्ण प्रदेशात तो झोपत नाही. म्हणून येथे त्याला कात्रीने शिस्त लावावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यातून फळ येते. दोन छाटण्या आणि एक पीक. पावसाळ्यात पिकणाऱ्या घडांचा भरवसा नाही, म्हणून दुसऱ्या पिकाचा मोह बागायतदार धरीत नाही. याचा अर्थ असा की बोनमध्ये तोडणीची तारीख ऋतू ठरवतो, तर आपल्याकडे ती बऱ्याच अंशी माणूस ठरवतो, छाटणीच्या दिवशी. आपल्या तोडणीच्या तारखांवरून हवामान वाचू गेलो तर हाती फारसे काही लागणार नाही. बदल शोधायचा तो माणसाच्या या निवडीत.

ही निवडच आता आक्रसत चालली आहे, असे आमचे म्हणणे. वाइनच्या द्राक्षाला केवळ साखर पुरत नाही, आम्लताही लागते. महाराष्ट्रात ती टिकते डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींमुळे. म्हणूनच येथील वाइनद्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात उरकतात. छाटणी लवकर केली, तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर येतो. डावणी पडते, घड कुजतात. पाऊस जाईपर्यंत थांबून छाटणी नोव्हेंबरवर नेली, तर फळ मार्चच्या तापत्या उन्हात पिकते. साखर झपाट्याने चढते, आम्लता उतरते, आणि वाइन जड, बेचव होते. शिवाय फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळीने मणी तडकतात ते वेगळेच. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य भारतातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. कात्रीला मोकळी असलेली खिडक अशी एका बाजूने मिटत आहे. दुसऱ्या बाजूने उन्हाळा.

खरड छाटणीचीही हीच गत. काडीवरच्या डोळ्यात पुढल्या हंगामाचा घड धरतो तो मे-जूनच्या लख्ख उन्हात. ढगाळ हवेत डोळा वांझ राहतो किंवा घड जिरून त्याची बाळी होते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात शिरला, आणि सप्टेंबरमध्ये लातूर, नांदेड, धाराशिव, बीड या जिल्ह्यांना पुराने वेढले. एकाच वर्षात दोन्ही छाटण्यांच्या वाटेत पाणी उभे राहिले.

आमच्या भागाचा वाइनशी संबंध तसा आडवळणाचा आहे. नांदेडकडे अर्धापूरची केळी. द्राक्ष दिसते ते लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. राज्याचे द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आले, तेव्हा मुख्यमंत्री लातूरचे विलासराव देशमुख होते; वाइन पार्क मात्र उभे राहिले नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही, पाणी आणि बाजार तिकडे होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ते मिरजेहून, म्हणजे त्याच द्राक्षांच्या सांगली जिल्ह्यातून. दुष्काळ आणि क्षारांपुढे टिकाव धरावा म्हणून बागायतदारांनी डॉगरिजच्या खुंटावर कलमे बांधण्याचा मार्ग केव्हाच स्वीकारला होता. पण खुंट मुळाखालचे संकट निवारतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर कोसळलेल्या गारांना त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

सरकारी दप्तरात यातले काय सापडते? आणेवारी सापडते, नुकसानीचे पंचनामे सापडतात. पीक बुडाल्याची नोंद होते. शेतकऱ्याने कात्री कोणत्या दिवशी उचलली आणि का थांबवली, याची होत नाही. ती असते बागायतदाराच्या वहीत, फवारण्यांच्या आणि मजुरीच्या हिशेबाशेजारी. बोनच्या कित्येक जुन्या तारखाही तोडणीच्या मजुरीच्या हिशेबांतून मिळाल्या आहेत. आपल्या वह्या मात्र बागेबरोबर जातात. जागतिक मंदीच्या काळात, २००९ च्या सुमारास, वाइनचा साठा विकेनासा झाला आणि नाशिककडे कित्येकांनी वाइनद्राक्षाचे वेल उपटून टाकले. त्या बागांचे हिशेब कोणी जपून ठेवले असतील असे वाटत नाही.

भाषेत मात्र एक नोंद उरली आहे. गोडी छाटणीला सर्रास 'ऑक्टोबर छाटणी' म्हणतात. बागलाणात लवकरचा भाव मिळावा म्हणून ती जुलै-ऑगस्टमध्ये करतात, पावसाला भिणारे नोव्हेंबरात करतात, आणि तरीही तिचे नाव ऑक्टोबरच राहते.