एक छप्पर, एक मास्तर

सहशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेज येते आणि वाद सुरू होतो तो नीतीचा. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. जे थोडेफार वाचले ते पाळी सांभाळून. आम्हांला या इतिहासात नीतीपेक्षा हिशेबच अधिक दिसतो. गावाला छप्पर एक आणि मास्तर एक. मग मुलीने बसायचे कोठे?

१८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली, ती केवळ मुलींची. पाटी घेतलेल्या मुलीकडे समाज डोळे वटारून पाहत होता, तेथे मुलामुलींना एकत्र बसविण्याची गोष्टच दूर होती. पुढे १८८२ साली सरकारने हंटर आयोग नेमला. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे निवेदन जोतीरावांनी त्याच्यापुढे केले. आयोगाचे मत मात्र असे पडले की, बालवर्ग सोडता मिश्र शाळा या देशाच्या परिस्थितीस मानवत नाहीत. सबब मुलांच्या शाळेत मुलींनी येण्यास उत्तेजन देऊ नये. अपवाद एकच : जेथे मुलींची वेगळी शाळा चालणे शक्य नाही, ती ठिकाणे.

आमच्या मते सहशिक्षण आले ते याच अपवादाच्या दारातून. पुण्यासारख्या शहरात १८८४ साली मुलींचे स्वतंत्र हायस्कूल उभे राहिले. तेच आपले हुजूरपागा. खेड्याला दोन शाळा कोठून परवडणार? तेथे मुलगी भावाशेजारी बसली, ती तत्त्व म्हणून नव्हे, गरज म्हणून.

सक्तीच्या कायद्यांनी हा प्रश्न आणखी उघडा केला. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला, १९०६ साली तो बडोदे संस्थानभर नेला आणि त्यात मुलींनाही घेतले. १९११ साली नामदार गोखल्यांनी जे विधेयक आणले त्यात मात्र सक्ती आधी मुलांना, मुलींना मागाहून, अशी योजना होती. आणि तेवढेही १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९५० च्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या ‘सर्व बालकांच्या’ शिक्षणाचा उल्लेख केला. मुलगा व मुलगी असा भेद ठेवला नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क दिला.

मग काम संपले काय? आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची दोन कोसांवर. आमच्यासाठी जुनी सायकल आली. धाकटी बहीण आमच्याहून हुशार. ती घरी राहिली. एकत्र शिकण्याला घरात कोणाचीच हरकत नव्हती. तिला अडविले ते त्या दोन कोसांनी.

म्हणून श्रोतेहो, पट कमी आहे तेव्हा लहान शाळा शेजारच्या गावी मिळवून टाका, असा ठराव कोठे पुढे आला, तर खर्चाची बचत ऐकण्याआधी एवढे जरूर विचारा : त्या वाटेने मुलगी कशी जाणार, आणि तिच्या गाडीचे भाडे कोण भरणार?